आजोबांच्या नावचं ऊन

आमच्या घरात वीज आजोबा वापरतात. ते १९९८ साली गेले, पण बिल अजून त्यांच्याच नावानं यायचं आणि आम्ही ते निमूट भरायचो. वडीलधाऱ्यांच्या नावाला हात लावू नये, असं बाबा म्हणत. खरं कारण आळस.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एका किलोवॅटच्या सौर पॅनेलला ३०,००० रुपये सबसिडी, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,०००. तीन त्रिक नऊ हे पाढ्यातलं सत्य सरकारनं मोडलं, म्हणून बाबा दोन दिवस माझ्यावरच घुश्शात होते. जणू ते वरचे बारा हजार मीच खिशात घातले.

पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला आणि पडद्यावर आजोबा अवतरले. अर्ज त्यांचा, म्हणजे सबसिडीही त्यांच्या खात्यात! तेव्हा आधी बिलावरचं नाव बदलणं आलं. ट्रंक उपसली. मृत्यूच्या दाखल्यावर आजोबा ‘विष्णुपंत’, घराच्या उताऱ्यावर ‘विठू’ आणि बिलावर नुसते ‘विष्णू’. तीन कागद, तीन आजोबा. एक वारलेला, एक घराचा मालक आणि तिसरा न चुकता बिल भरणारा. हे तिघं एकच, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं.

वर दोन्ही आत्यांची ना हरकत. धाकटीनं लगेच सही केली. थोरलीनं मात्र भिंगातून कागद तीनदा वाचला.

“मीटरचंच आहे ना रे? घराचं नाही ना?”

“मीटरचंच, आत्या.”

“मग एवढा गोड का बोलतोयस?”

यथावकाश बाबा ग्राहक झाले आणि पॅनेलवाला मुलगा गच्ची मोजायला आला. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट, तेही दक्षिणेचं तोंड असलेलं आणि सावली नसलेलं. नेमकी तीच जागा आईच्या वाळवणांची. “माझ्या कुरडयांचं ऊन तुम्ही विजेला विकणार?” यावर त्या मुलाकडे तांत्रिक उत्तर नव्हतं. शेवटी सांगाडा उंच करायचं ठरलं. त्याचे पैसे वेगळे. स्लॅब गळतो, हेही त्याच दिवशी कळलं. त्याचेही वेगळे. आणि हे सगळं आधी पदरचं घालायचं. सबसिडी मागाहून, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागून तपासणी झाल्यावर.

ती आली, खोटं का बोला. बाबांनी पासबुक भरून आणलं आणि गल्लीभर दाखवलं.

मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. गच्चीवर सहा पॅनेल उन्हात तळपत होते आणि खाली आमचा पंखा हळूहळू थांबला. मी घाबरून त्या मुलाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “बरोबरच आहे, काका. बाहेरची लाइट गेली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा आपला इन्व्हर्टरपण बंद होतो. नाहीतर आपली वीज बाहेरच्या तारेत जाऊन तिथं काम करणाऱ्याला शॉक बसेल ना. बॅटरी घेतली असती तर...”

तेवढ्यात शेजारचे नाना विसाव्याला आत आले. “तुमच्याकडे तरी असेल म्हटलं!”

आईनं त्यांना खुर्ची दिली आणि वारा घ्यायला तिन्ही आजोबांची फाईल.