उपासनेला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

"मी ख्रिस्ती नाही, पण एखाद्या रविवारी चर्चमधल्या उपासनेला आलो तर चालेल का?" हा प्रश्न मला निरनिराळ्या मित्रमैत्रिणींनी वेगवेगळ्या वेळी विचारला आहे. चालेल, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी कुणाची परवानगीही लागत नाही. मात्र या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: आत गेल्यावर आपल्याकडून काही चुकले तर? सगळे उभे राहिले आणि आपण बसून राहिलो, सगळ्यांनी जे म्हटले ते आपल्याला आले नाही, तर कुणाचा अवमान होईल का? केवळ या संकोचापायी येण्याची इच्छा असलेले लोक येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

उपासनेचा क्रम वाटतो तितका अनाकलनीय नाही. इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिले आणि त्यात ख्रिस्ती लोक रविवारी जमून नेमके काय करतात ते सांगितले. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग पुढारी त्यावर उपदेश करतो, सगळे उठून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, पुढारी उपकारस्तुती करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते दान देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे लोक यांची काळजी घेतली जाते. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, दान: आजही बहुतेक मंडळ्यांच्या, म्हणजे एकत्र जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायांच्या, उपासनेचा कणा हाच आहे, आणि एवढे ध्यानात ठेवले तर नवखा माणूस गोंधळून जाणार नाही.

बाह्य रूप मात्र फार वेगवेगळे असते. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना किंवा अँग्लिकन उपासना ठरलेल्या शब्दांत चालते; ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत धूप, गायन आणि प्रतिमा यांच्या सान्निध्यात लोक बराच वेळ उभे असतात; पेंटेकॉस्टल सभेत हात उंचावून मोठ्याने प्रार्थना होते; आणि क्वेकर नावाच्या पंथाच्या पारंपरिक सभेत कुणाला आतून बोलावेसे वाटेपर्यंत सगळे शांत बसतात. वेळही तासाभरापासून दोन तासांपर्यंत किंवा अधिक लागू शकतो. शक्यतो मधल्या किंवा मागच्या बाकावर बसावे, म्हणजे पुढच्यांकडे पाहून कधी उठायचे, कधी बसायचे ते समजते. गुडघे टेकण्याची सक्ती कुणावरही नसते.

आता माझे खरे म्हणणे. पाहुण्याने सौजन्यापोटी असे काहीही म्हणू नये, जे त्याच्या मनात नाही. अनेक मंडळ्यांत उपासनेच्या मध्यावर सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपला विश्वास सांगणारे ठरलेले शब्द, म्हणतात. त्यातला नायसीन नावाने ओळखला जाणारा अंगीकार 325 आणि 381 च्या धर्मपरिषदांतून आकाराला आला. ते पाठांतर नव्हे, 'मी यावर विश्वास ठेवतो' अशी जाहीर कबुली आहे. ज्याचा तसा विश्वास नाही त्याने त्या वेळी इतरांबरोबर उभे राहून गप्प राहणे मला अधिक आदराचे वाटते, कारण शब्दांना जे वजन आम्ही देतो तेच वजन तोही देत असतो. 'आमेन' या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थही 'हे खरे आहे, तसेच होवो' असाच आहे. गीते गावीशी वाटली तर जरूर गावीत, पण नुसते ऐकत राहिले तरी काही बिघडत नाही.

हीच गोष्ट प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी सर्वांत महत्त्वाची ठरते. लोक ओळीने पुढे जाऊ लागले की पाहुण्याला वाटते, आपण बसून राहिलो तर उद्धटपणा दिसेल. तसे मुळीच नाही. ती भाकर पाहुणचाराचा पदार्थ नाही. येशूचे मरण आणि पुनरुत्थान यांच्याशी आपले आयुष्य बांधून घेतल्याची ती खूण आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या सर्वसाधारणपणे ती आपल्याच विश्वासूंना देतात, बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या कोणत्याही ख्रिस्ती व्यक्तीला बोलावतात, तर काही त्याहून मोकळ्या आहेत. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेल्यास केवळ आशीर्वाद मिळतो, परंतु ऑर्थोडॉक्स परंपरेत हात तसे ठेवणे ही भाकर घेण्याचीच रीत आहे, तेव्हा आधी शेजाऱ्याला विचारून घ्यावे. शंका असेल तर बसून राहावे. माझ्याबरोबर आलेली एक मैत्रीण त्या दहा मिनिटांत बाकावर शांत बसून होती, आणि तिच्या त्या बसण्यात मला कोणताही दुरावा जाणवला नाही.

दानाची थैली किंवा ताट समोर आले तर ते पुढे सरकवावे. पाहुण्याकडून पैशांची अपेक्षा नसते.

आता दोन शब्द आम्हा नेहमी येणाऱ्यांना. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, बाहेरचा माणूस आत आला तर त्याला काय वाटेल याचा विचार करायला लावला आहे: सगळेच न समजणाऱ्या भाषांत बोलू लागले तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का? बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात तर सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची स्पष्ट कानउघाडणी आहे. एका अनोळखी मंडळीत मी पाहुणी म्हणून गेले असताना मला सर्वांसमोर उभे करून नाव, गाव आणि येण्याचे कारण विचारले गेले. हेतू प्रेमाचाच होता, पण पुढचा उपदेश माझ्या कानांवरून गेला. पाहुण्याला छापील उपासनाक्रम द्यावा, गीताचे पान उघडून द्यावे, शेजारी जागा करावी आणि मग त्याला एकटे राहू द्यावे.

उपासना संपल्यावर पाळक किंवा धर्मगुरू बहुधा दाराशी उभे असतात. उपदेशातले काही पटले नसेल किंवा एखाद्या कृतीचा अर्थ समजला नसेल, तर तिथेच मोकळेपणाने विचारावे. बोलण्याची इच्छा नसेल, तर नमस्कार करून निघून गेले तरी चालते.