मापात पाप? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ज्याला मारलं त्याच्याशी भांडण नसताना, बाकीच्यांना धाक बसावा म्हणून केलेली हिंसा म्हणजे दहशतवाद, अशी व्याख्या मी एका लेखात केली होती. त्याखाली तुम्ही लिहिलंत की चाफेकर सुटावेत अशा बेतानेच मी ती केली, सरकारी हिंसेबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि गडचिरोलीतल्या नक्षलवादी हिंसेला बगल दिली. वर, एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक असतो, मग हा खटाटोप कशाला? प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटचं आधी घेतो. ते वाक्य हेतूबद्दल आहे, आणि हेतूवर आपलं एकमत व्हायचं नाही. मी कृत्याबद्दल विचारतोय. ज्याला मारलं त्याच्याशी मारणाऱ्याचं काही भांडण होतं, की बाकीच्यांच्या उरात धडकी भरवायला तो नुसता हाती लागला? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत, सामानाला टेकून बसलेल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या जागी दुसरे कुणी बसले असते तरी कसाबचं काम तितकंच साधलं असतं.

आता २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता. प्लेगच्या घरझडत्यांमुळे पुणं ज्याच्या नावाने बोटं मोडत होतं, त्या रँडची गाडी दामोदर चाफेकरांना हवी होती. दुसऱ्या कुणा साहेबाने त्यांचं काम भागलं नसतं. ही राजकीय हत्या. ती योग्य होती का, यावर तुम्ही-आम्ही रात्रभर भांडू शकतो, कारण मागच्या गाडीतला आयर्स्टही त्यात हकनाक गेला. पण दहशतवाद नाही म्हटलं की निर्दोष ठरवलं, हे तुम्ही परस्पर गृहीत धरलंत.

सरकारी हिंसेचं म्हणाल, तर माझी व्याख्या वर्दी बघून थबकत नाही. जालियनवाला बाग घ्या. १३ एप्रिल १९१९, इशारा न देता साधारण दहा मिनिटं गोळीबार, १६५० फैरी, सरकारी आकड्यानुसारच ३७९ मृत. जमाव पांगवायला हे लागत नाही, आणि डायरनेही तसा बहाणा केला नाही. कदाचित गोळीबार न करताही जमाव पांगला असता, पण लोक परत येऊन आपल्याला हसले असते, असं त्याने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे सांगितलं. अहवालात तर त्याने सरळ लिहिलं, की समोरच्या गर्दीपेक्षा साऱ्या पंजाबच्या मनावर जरब बसवायची होती. पुढे, मिस शेरवुड या मिशनरी बाईंवर जिथे आधी हल्ला झाला होता त्या गल्लीतून लोकांनी पोटावर सरपटत जायचं, असा हुकूम त्याने काढला. हल्ला कुणी केला याच्याशी त्या सरपटणाऱ्यांचा संबंध काय? दहशतवादाचं याहून स्वच्छ उदाहरण मला शोधून सापडणार नाही.

सरकारांना नेमकं हेच अडचणीचं जातं. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा मुक्तिलढे आणि सरकारी फौजा यांचं काय करायचं, इथेच अडकून बसला. आपल्या यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याची व्याख्या उलट इतकी ऐसपैस, की २०१२ च्या दुरुस्तीनंतर उच्च दर्जाच्या बनावट नोटाही तिच्या पोटात गेल्या. नोटा छापणारा गुन्हेगार खराच, पण सीएसटीच्या रांगेत त्याला कशाला उभं करायचं?

राहिली गडचिरोली. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. सशस्त्र दलावरचा हा हल्ला मी बंडखोरांच्या गनिमी युद्धात धरतो. त्याने कुणाचं दुःख हलकं होत नाही, आणि वर्दी नसलेल्या चालकाचा जीव त्या खात्यात बसवताना मलाही जड जातं. पण खबऱ्या म्हणून एखाद्या आदिवासीला रात्री घरातून ओढून नेतात, मारून रस्त्यात टाकतात आणि प्रेताशेजारी पत्रक ठेवतात, तेव्हा मला शंका उरत नाही. पत्रक मेलेल्याला वाचायचं नसतं. म्हणून माझ्या व्याख्येची खरी अडचण रँड नाहीच. फेब्रुवारी १८९९ मध्ये, चाफेकरांची खबर दिली म्हणून दामोदरच्या धाकट्या भावाने, वासुदेवने, साथीदारासह द्रविड बंधूंना पुण्यात गोळ्या घातल्या, ती घटना अडचणीची आहे. भावाच्या फाशीचा सूड म्हणावा, तर द्रविडांशी भांडण अगदी नेमकं होतं. पुढच्या खबऱ्यांना इशारा म्हणावा, तर ते गडचिरोलीच्या शेजारी जाऊन बसतं. मी सूडाच्या बाजूला झुकतो. तुम्ही चाफेकरांचं नाव घेताना रँडऐवजी ही घटना काढली असतीत, तर मला इतकं सहज उत्तर देता आलं नसतं.