एच-इंडेक्स जास्त म्हणजे शास्त्रज्ञ मोठा, हे कुणी ठरवलं?

"स्टॅनफर्ड विद्यापीठाने जगातले टॉप २ टक्के शास्त्रज्ञ निवडले, आपल्या सरांचा एच-इंडेक्स आइन्स्टाइनपेक्षा जास्त, सायटेशन हाच संशोधनाचा खरा दर्जा" असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मी सोडून दिला असता, पण माझी भाची पीएचडीसाठी गाइड शोधतेय, तिला गणितच करायचंय, आणि हे वाचून ती विचारायला लागली की गणिताच्या मॅडमचा एच-इंडेक्स १२ आणि मटेरियल सायन्सच्या सरांचा ६०, मग विषयच बदलू का? आता मात्र बोलायलाच हवं.

आधी तिच्या प्रश्नाचं, कारण खरं नुकसान तिथेच होतं. एच-इंडेक्स ३० म्हणजे तुमच्या ३० पेपरना प्रत्येकी निदान ३० सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी तेवढ्या वेळा त्यांचा संदर्भ दिलाय. बस, एवढंच. हे माप काढलं होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्याने, २००५ मध्ये, आणि त्याच पेपरात त्याने स्वतः आकडे दिलेत: फिजिक्समध्ये सगळ्यात वर एडवर्ड विटन ११०, आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१. हॉकिंगचा किती? ६२! मग काय, हॉकिंग स्नायडरच्या एक तृतीयांश शास्त्रज्ञ झाला का? हिर्शनेच लिहून ठेवलंय की प्रत्येक विषयाचे आकडे वेगळे असतात. कारणंही साधी आहेत, बायोमेडिकलमध्ये माणसं जास्त, एकेका पेपरवर दहा-दहा नावं, मागे संदर्भांची लांबलचक यादी, आणि गणितात एकटा किंवा दोघं मिळून लिहितात, संदर्भ मोजके आणि सायटेशन्स यायला वर्षं जातात. ऊस एकरी टनात निघतो आणि ज्वारी क्विंटलमध्ये, म्हणून ज्वारीवाल्याला आळशी म्हणाल का? गणितातला १२ आणि मटेरियल्समधला ६० शेजारी ठेवताच येत नाहीत, आणि असल्या तुलनेवरून एखादी पोरगी आवडता विषय सोडणार असेल तर हा फॉरवर्ड निरुपद्रवी नाहीये.

हायएनर्जी फिजिक्सचं, म्हणजे मूलकणांच्या अभ्यासाचं, तर विचारूच नका. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर पेपर आला त्यावर ५,१५४ लेखक होते, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि पत्ते. सायटेशन्स सगळ्यांच्या खात्यात जमा. आणि ज्याच्या नावाचा तो कण, त्या पीटर हिग्जने १९६४ नंतर दहासुद्धा पेपर लिहिले नाहीत. २०१३ ला नोबेल मिळालं तेव्हा तोच म्हणाला की आजच्या काळात मला कुणी नोकरी दिली नसती.

आइन्स्टाइनवाला मुद्दा तर सोडाच. आज सापेक्षता वापरणारा कोण १९१५ चा मूळ पेपर साइट करतो? ते पाठ्यपुस्तकात गेलं.

स्टॅनफर्डचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. यादी आहे, ती करणाऱ्या टीममधले जॉन आयोनिडिस स्टॅनफर्डचे, आणि त्यात माणसाची तुलना त्याच्याच उपविषयातल्या लोकांशी होते, सहलेखकांचाही हिशोब धरलाय, म्हणजे नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरीच बरी. पण विद्यापीठाने कुणाला निवडलेलं नाही, तो पुरस्कार नाही, स्कोपस या पेपर आणि सायटेशन्सच्या डेटाबेसवरून काढलेला हिशोब आहे. सत्कार आणि फ्लेक्स कशासाठी?

राहिलं सायटेशन म्हणजे दर्जा. २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाने सर्वाधिक साइट झालेल्या १०० पेपरांची यादी काढली, पहिला नंबर प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा, १९५१ चा, तीन लाखांच्या वर सायटेशन्स. उपयोगी पद्धत आहे, लॅबमध्ये रोज लागते, पण डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या शंभरात नाहीच! शिवाय स्वतःच स्वतःला साइट करणारे वेगळेच. त्याच आयोनिडिसच्या डेटात २०१९ ला भारतातलेच एक प्राध्यापक निघाले ज्यांची ९४ टक्के सायटेशन्स स्वतःची किंवा सहलेखकांची होती. सेल्फ-सायटेशनचा कॉलम त्या फाइलमध्ये उघड दिलेला असतो, फॉरवर्ड करायचंच असेल तर तोही पाठवा.