कुत्री सोबत असतील तर रस्ता त्यांच्या हिशेबाने आखा

सिडनीहून दक्षिणेला, किनारा धरून कुत्र्यांसह जायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नॅशनल पार्कात कुत्री नेऊ देत नाहीत, हा अन्याय आहे." मला तो अन्याय वाटत नाही. आमच्या घरात दोन कुत्री आहेत, त्यांना मागे ठेवून सुट्टीवर जाणं माझ्या जिवावर येतं, तरीही ही बंदी हवीच असं माझं ठाम मत आहे.

याच किनाऱ्यावर हुडेड प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी राहतो. भरतीच्या रेषेच्या जरा वर, उघड्या वाळूत साधा खळगा करून तो अंडी घालतो. विणीचा हंगाम साधारण ऑगस्ट ते मार्च, म्हणजे नेमका इथल्या डिसेंबर-जानेवारीतल्या उन्हाळी सुट्टीचा. कुत्रा चावायलाच हवा असं नाही. तो जवळून हुंगत गेला तरी पक्षी उठतो आणि तापलेल्या वाळूवर अंडी उघडी पडतात. माझं कुत्रं कितीही गुणी असलं तरी त्या पक्ष्याला ते कसं कळणार?

आणि जागा नाहीत असंही नाही. न्यू साउथ वेल्समधल्या (सिडनी ज्या राज्यात आहे त्यातल्या) बहुतेक स्टेट फॉरेस्टमध्ये, म्हणजे नॅशनल पार्क नसलेल्या सरकारी जंगलांत, कुत्री चालतात आणि तंबू ठोकायला सहसा पैसेही पडत नाहीत. याच किनाऱ्यावरच्या बेटमन्स बे गावाच्या आसपास स्पॉटेड गम या निलगिरीची सरळसोट उंच झाडं, खाली बरावांग या सायकॅडची दाट हिरवी पानं, समुद्र गाडीने थोड्याच अंतरावर. कुत्र्यांसह राहायला याहून सुंदर जंगल मला माहीत नाही. (टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, असेल त्या दिवशी शेकोटीचं नावसुद्धा काढायचं नाही.)

मात्र जंगलात शिरताना पाट्या वाचा. कोल्हे आणि रानात मोकाट फिरणारी कुत्री मारण्यासाठी १०८० नावाचं विष घातलेली आमिषं टाकलेली असतात. या विषावर उतारा नाही. त्याने मेलेला कोल्हा खाल्ला तरी कुत्रा दगावू शकतो. पाटी दिसली की आम्ही तिथे उतरतच नाही, पुढची जागा शोधतो. मुसकं आणि पट्टा असला की भागतं असं काही जण म्हणतात, पण माझा जीव तेवढ्यावर निर्धास्त होत नाही.

दुसरी भीती गोचिडीची. पूर्व किनाऱ्यावरची पॅरालिसिस टिक आपल्याकडच्या गोचिडीसारखी नुसती रक्त पीत नाही, तिच्या लाळेतल्या विषाने कुत्रा लुळा पडतो. औषध दिलेलं असलं तरी रोज संध्याकाळी डोकं, कानांच्या घड्या, गळपट्ट्याखालची मान, बोटांमधल्या फटी, सगळं हाताने चाचपायचं. लक्षणं बहुधा काही दिवसांनी, कधीकधी घरी परतल्यावर दिसतात. भुंकण्याचा आवाज बदलला, उलटी झाली किंवा मागचे पाय लटपटले, तर सकाळची वाट पाहू नका. प्रत्येक मुक्कामाच्या जवळच्या व्हेटचा नंबर निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या, कारण जंगलात बऱ्याचदा फोनला रेंज नसते.