मनीप्लांट ठेवला म्हणजे प्रदूषणापासून सुटका झाली, असं नाही

‘नासाने सिद्ध केलंय, घरात मनीप्लांट आणि स्नेक प्लांट ठेवा, प्रदूषणाची चिंता मिटेल,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नासाचा अभ्यास खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा.

१९८९ चा तो अभ्यास अंतराळयानासारख्या बंदिस्त जागांचा विचार करून केला होता. लहान हवाबंद पेट्यांत रोपं ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे वायू किती घटतात, ते पाहिलं. आपल्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत ये-जा करते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. ये-जा करणाऱ्या हवेमुळे हे वायू जितके कमी होतात, तितके रोपांनी कमी करायचे असतील, तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील! बसायचं कुठे मग? शिवाय फुप्फुसांत खोल शिरणारे धूर-धुळीतले अतिसूक्ष्म कण (पीएम २.५) नासाने त्यात मोजलेच नव्हते.

रोपं जरूर लावा, पण घरात दम्याचं मूल असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. मच्छर अगरबत्ती आणि धूप बंद करा. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा लावा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा फिरायला ऊन वर आल्यावर निघा. धुळीच्या रस्त्यावर ओला रुमाल पुरत नाही. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.