शॉकलीचं नोबेल आणि शॉकलीचा बुद्ध्यांक

विल्यम शॉकलीच्या नावाने एक मजकूर मराठीत अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: ट्रान्झिस्टरचा (म्हणजे वीजप्रवाह वाढवणारा किंवा चालू-बंद करणारा चिमुकला घटक, आजच्या प्रत्येक चिपचा पाया) शोध लावणाऱ्या, सिलिकॉन व्हॅली जन्माला घालणाऱ्या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने बुद्धी वंशावर ठरते हे गणिताने सिद्ध केलं, ते कुणालाच खोडता आलं नाही, म्हणून त्याचा आवाज दाबला गेला. शेवटी हटकून एक टोला असतो, आरक्षणवाल्यांनी हे वाचावं म्हणून. मजकूर लिहिणाऱ्याला शॉकलीबद्दल प्रेम आहे असं वाटत नाही. त्याला फक्त एक नोबेल हवं आहे, आपल्या बाजूने उभं करायला.

आधी ट्रान्झिस्टर. पहिला चालणारा ट्रान्झिस्टर डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झाला, तो जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांच्या हातून. शॉकली त्यांचा गटप्रमुख होता, पण त्या प्रत्यक्ष कामात नव्हता. पेटंटच्या अर्जावर त्याचं नाव आलं नाही; त्याची स्वतःची मूळ कल्पना ज्युलियस लिलियनफेल्डच्या जुन्या पेटंटमध्ये आधीच येऊन गेली होती. हे त्याला फार लागलं. शिकागोच्या एका हॉटेलात, नवं वर्ष उजाडताना, तो एकटा कागद भरत बसला आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याने जंक्शन ट्रान्झिस्टर या नव्या प्रकाराची कल्पना मांडली. ती त्याची, निर्विवाद त्याची, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी भरवशाची. 1956 चं नोबेल तिघांना मिळालं ते योग्यच होतं. मात्र 'शोध शॉकलीने लावला' हे वाक्य निम्मं खोटं आहे. बार्डीनला पुढे 1972 मध्ये भौतिकशास्त्राचंच दुसरं नोबेल मिळालं. त्याचं नाव अशा फिरत्या मजकुरांत, फॉरवर्डमध्ये, कधी दिसत नाही, कारण त्याने वंशांबद्दल काही म्हटलेलं नाही.

सिलिकॉन व्हॅलीचा जनक? इथे थोडं तथ्य आहे, पण ते फॉरवर्डवाल्याला आवडणार नाही. शॉकलीने 1956 मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला सेमीकंडक्टरची कंपनी काढली आणि देशभरातून हुशार तरुण गोळा केले. माणसं निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि माणसं घालवण्यातही. एका सेक्रेटरीच्या बोटाला टोचलं तर त्याला घातपाताचा संशय आला आणि त्याने कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टर चाचणी घ्यायचं ठरवलं. टोचली होती ती डोकं तुटलेली टाचणी. चार-थरी डायोड या आपल्या लाडक्या उपकरणापायी त्याने बाकीची कामं मागे टाकली. 1957 मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. आजच्या चिपला पायाभूत ठरलेली प्लेनर ही सपाट ट्रान्झिस्टर बनवण्याची पद्धत तिथे जाँ हर्नीने काढली, तिच्यावर रॉबर्ट नॉइसचं इंटिग्रेटेड सर्किट (म्हणजे एकाच चकतीवर अख्खं सर्किट) उभं राहिलं, आणि नॉइस व गॉर्डन मूर यांनी 1968 मध्ये इंटेल स्थापन केली. शॉकलीची कंपनी कधी फायद्यात आली नाही. जनक म्हणायचंच तर मुलं घर सोडून गेली म्हणून नावारूपाला आली, असा जनक.

आता मुख्य मुद्दा, 'सिद्ध केलं'. 1963 पासून शॉकली स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होता, अभियांत्रिकी शाखेत. आनुवंशिकीचं किंवा मानसशास्त्राचं शिक्षण त्याच्याकडे नव्हतं, आणि या विषयात त्याने स्वतः एकही प्रयोग केला नाही. दुसऱ्यांनी गोळा केलेल्या बुद्ध्यांकाच्या कोष्टकांवर त्याने आलेख काढले. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे सरासरी गुण गोऱ्यांपेक्षा कमी येत होते हे आकडे खरे होते. प्रश्न होता 'असं का?' हा, आणि तिथे तो थेट रक्ताकडे उडी मारतो.

ही उडी का चालत नाही हे आनुवंशिकीतज्ज्ञ रिचर्ड लेवोन्टिनने 1970 मध्येच दाखवलं होतं. एकाच पोत्यातलं सरमिसळ बियाणं घ्या. अर्धं काळ्या जमिनीत पेरा, अर्धं मुरमाड जमिनीत. एकाच वावरातली उंच-बुटकी ताटं बियाण्याच्या फरकामुळे असतील, पण दोन वावरांच्या सरासरीतला फरक पूर्णपणे जमिनीचा आहे. म्हणजे गटाच्या आत एखादा गुण कितीही आनुवंशिक असला, तरी दोन गटांतल्या फरकाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. आलेख रेखीव असला म्हणून हा अडसर दूर होत नाही.

'खोडता आलं नाही' हे तर सपशेल खोटं. शॉकलीचा एक दावा असा होता की कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्या पूर्वजांचा अंश एक टक्क्याने वाढला की सरासरी बुद्ध्यांक जवळपास एकाने वाढतो. हे तपासता येण्यासारखं होतं, आणि मानसशास्त्रज्ञ सँड्रा स्कार व सहकाऱ्यांनी ते तपासलं. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या रक्तघटकांवरून त्यांच्यातला गोऱ्या वंशाचा अंश काढला आणि बौद्धिक चाचण्यांच्या गुणांशी ताडून पाहिला. संबंध सापडला नाही. निबंध 1977 मध्ये छापून आला, शॉकली हयात असताना. त्याआधी 1961 मध्येच जर्मनीत क्लाउस आयफर्थने युद्धानंतर अमेरिकी सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. बाप कृष्णवर्णीय असो वा गोरा, मुलांची सरासरी जवळजवळ सारखी निघाली. आणि 1984 मध्ये जेम्स फ्लिनने दाखवलं की 1932 ते 1978 या काळात अमेरिकनांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे 14 गुणांनी वाढला. हलक्या कुळातली जास्त मुलं जन्मून देशाची बुद्धी ढासळतेय, असं शॉकली सांगत फिरत होता तेव्हा चाचण्यांचे आकडे वर चढत होते. सेहेचाळीस वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत.

यात एक गंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शॉकली पालो अल्टोत वाढला. 1920 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मनने कॅलिफोर्नियातली असामान्य बुद्धीची मुलं शोधून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करायला घेतला, तेव्हा शॉकलीचीही चाचणी झाली. दोनदा. दोन्ही वेळा गुण कमी पडले आणि तो यादीबाहेर राहिला. पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारा लुइस आल्वारेझही असाच नाकारला गेला. यादीत घेतलेल्या सुमारे दीड हजार मुलांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही. आणि शॉकलीला पुढे स्टॅनफर्डकडे ओढून आणण्यात पुढाकार कुणाचा, तर टर्मनच्याच मुलाचा, फ्रेडचा. ज्या मोजपट्टीने आपल्यालाच चुकीचं मापलं तिच्यावर लाखो लोकांची लायकी ठरवताना या माणसाला एकदाही शंका आली नाही, याचं मला त्याच्या वंशवादाइतकंच नवल वाटतं.

मजकूर एक गोष्ट गाळतो: शॉकली आकड्यांवर थांबला नव्हता. त्याने योजना सुचवली की ज्यांचा बुद्ध्यांक शंभराच्या खाली आहे त्यांनी नसबंदी करून घेतली, तर खालच्या प्रत्येक गुणामागे हजार डॉलर द्यावेत. सत्तर असेल तर तीस हजार. अशी माणसं पटवून आणणाऱ्या दलालांना त्यातला वाटा मिळावा, हेही त्याने सुचवलं. हा निव्वळ विचारप्रयोग आहे आणि सगळं ऐच्छिक आहे, असं तो म्हणे. आणीबाणीतली नसबंदी आठवणाऱ्या मराठी माणसाला या 'ऐच्छिक'चा अर्थ समजवावा लागू नये. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. 'केस' आणून देण्याचे कोटे मास्तरांवर लादले गेले होते. गरिबापुढे पैसे आणि मागे दलाल उभा केला की इच्छा कुणाची उरते?

राहिला दाबलेला आवाज. हुल्लड झाली, हे खरं. विद्यार्थी त्याच्या वर्गात घुसले, काही ठिकाणी भाषणं उधळली किंवा रद्द झाली. भाषण उधळण्यापेक्षा त्यातल्या मुद्द्यांची चिरफाड बरी, असं माझं मत. पण स्टॅनफर्डने 1972 मध्ये या विषयावर अभ्यासक्रम घ्यायला नकार दिला तरी त्याची प्राध्यापकी शाबूत राहिली. निवृत्त झाला तो 1975 मध्ये, रीतसर. तो टीव्हीवर वाद घालत होता, मासिकांना लांबलचक मुलाखती देत होता. 1982 मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरला आणि आठवा आला. अटलांटाच्या एका वृत्तपत्राने त्याच्या योजनेची नाझी प्रयोगांशी तुलना केली, तेव्हा त्याने साडेबारा लाख डॉलरचा दावा ठोकला. 1984 मध्ये ज्यूरीने बदनामी झाली हे मान्य करून भरपाई ठरवली: एक डॉलर.

आणि तो आरक्षणाचा टोला. गोरे-काळे वाद उचलून जातीवर चिकटवायला त्यातलं काहीच लागू पडत नाही. त्यासाठी शॉकलीपेक्षा इरावती कर्वे वाचाव्यात. त्या 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरकडे पीएच.डी.साठी गेल्या. युरोपीय कवट्यांच्या ठेवणीत श्रेष्ठ बुद्धीची खूण असते, हे फिशरला सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, वंशाशी संबंध आढळला नाही, आणि तसंच प्रबंधात लिहून दिलं, गुरूच्या नाकावर टिच्चून. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीही मोजल्या. एकाच जातीच्या नावाखाली येणारे गटसुद्धा एका मुशीतले निघत नाहीत, असं त्यांना दिसलं.