पाणीपातळी 42 फूट

जून संपत आला की आमच्या घरात माणसं फुटांत बोलायला लागतात. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सकाळी चहाच्या आधी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून जाहीर करतात, "आयर्विनला 14 फूट." मग चहा. सांगलीत वाढलेल्या माणसाला बाकी पाढे येवोत न येवोत, आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, एवढं पाठ असतंच. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून नणंदेकडे विश्रामबागला गेलो आणि अकरा माणसांनी एका संडासावर आठवडा काढला. तेव्हापासून अण्णांची आकड्यांवरची श्रद्धा गणपतीच्या खालोखाल आहे.

तर असल्याच एका जूनमध्ये मी नोकरीच्या ऑनलाइन फॉर्मवर वयाच्या चौकोनात 42 लिहिलं आणि हात थांबला. इशारा पातळी ओलांडली. धोक्याला 3 फूट बाकी. आणि हे पाणी कोयनेचे दरवाजे बंद केले म्हणून उतरणारं नव्हे.

मी एम.कॉम. 2013 पर्यंत एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहीत होते. चिरंजीव झाले तेव्हा बाळंतपणाची रजा कायद्याने 12 आठवड्यांची असायची. 2017 ला ती 26 आठवड्यांची झाली, शिवाय काम तसं असेल तर पुढे घरून करू देण्याची सोयही कायद्यात आली. म्हणजे मी चार वर्षं घाई केली. "सहा महिन्यांत येतेच, सर," असं सांगून निघाले आणि ते सहा महिने 12 वर्षं चालले.

माझ्या पश्चात काय काय झालं बघा. ज्या सेवा कराची विवरणपत्रं भरण्यात माझी उमेद गेली तो सेवा कर गेला. व्हॅट गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. ज्या हजाराच्या नोटा मी थुंकी लावून मोजत होते त्या एका रात्रीत बाद झाल्या, मग दोन हजाराची आली, आणि माझ्या एकाही कॅशबुकात न शिरता तीही परत गेली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅली ईआरपी 9 च्या जागी टॅली प्राइम आलं. बाईनं चार दिवस माहेरी जाऊन यावं आणि तेवढ्यात घरच्यांनी स्वयंपाकघराची भिंत पाडून ओटा दुसरीकडे हलवलेला असावा, तसं झालं.

घरात विषय काढला. आमचे हे कुपवाडच्या एमआयडीसीत आहेत. म्हणाले, "नोकरी? कर की. मी कुठं नको म्हणतोय?" हे वाक्य ऐकायला होकारासारखं लागतं, पण त्याला शेपूट असतं. "फक्त माझा डबा सव्वासातला तयार पाहिजे. आईच्या डोळ्यात औषध साडेदहाला आणि साडेतीनला. पोरगं साडेपाचला येतं, तेव्हा घरात कोणतरी पाहिजे." मी घड्याळ पुढ्यात ठेवून दिवसाचं कापड बेतलं. सगळं कापून झाल्यावर अकरा ते तीन एवढा तुकडा हाती आला. साडीतून ब्लाउजपीस निघतो, तेवढाच.

"आई, मग तुला फ्लेक्झिबल जॉब पाहिजे," चिरंजीव म्हणाले. शब्द मला फार आवडला. सासूबाईंनी अर्थ विचारला. म्हटलं, लवचिक.

"म्हणजे परकराच्या इलॅस्टिकसारखं?"

"हो, तसंच काहीसं."

"मग नको गं. नाडी बरी. इलॅस्टिक कधी दगा देईल सांगता येत नाही."

मी हसण्यावारी नेलं.

पहिलं संकट कागदपत्रांचं. पदवीवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पीएफच्या जुन्या चिठ्ठीवर माहेरचं नाव, सासरचं आडनाव आणि मध्ये वडिलांच्या जागी कोणीतरी अनोळखी गृहस्थ. पोर्टल यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागत होतं. तो नंबर सुरू झाला 2014 ला, मी बाहेर पडले 2013 ला. आमची चुकामूक झाली. राहिलं अनुभवाचं पत्र. ते होतं, पण ज्या फाइलीत होतं ती 2019 च्या पुरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. नंतर उन्हात वाळवली तेव्हा शाईतला मजकूर सगळा वाहून गेलेला, आणि खाली सरांची बॉलपेनची सही आणि गोल शिक्का मात्र ठणठणीत. म्हणजे माझा अनुभव कोरा आहे, पण प्रमाणित आहे.

मग बायोडेटा. त्यात 2013 नंतर काय लिहायचं यावर घरात दोन रात्री बैठक झाली. चिरंजीवांनी "होम मॅनेजर" सुचवलं. ह्यांनी "वैयक्तिक कारणास्तव" सुचवलं, ते वाचून मी सहा महिने आत जाऊन आल्यासारखं वाटायला लागलं. अण्णा म्हणाले, "खरं ते लिही. संसार केला." शेवटी ओळ कोरी सोडली.

हात साफ करायला मुलाच्या लॅपटॉपवर टॅलीची फुकटातली शिकाऊ आवृत्ती घेतली. तिच्यात व्हाउचर महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि अखेरच्या तारखेचंच टाकता येतं. लोक याबद्दल कुरकुरतात, मला मात्र हे फार वास्तववादी वाटलं. पगारदाराच्या घरातही याच तीन तारखांना काय व्हायचं ते होतं: पहिलीला जमा, दुसरीला खर्च, अखेरीला चौकशी. आणि एक गंमत झाली. डोकं सगळं विसरलं होतं, पण बोटं विसरली नव्हती. पेमेंट म्हटल्याबरोबर बोट आपोआप एफ5 वर, जमेला एफ6 वर. त्या रात्री जेवताना ह्यांनी भाजीवाल्याचे पैसे राहिलेत म्हटलं, आणि माझं बोट ताटाच्या कडेवर आपटलं.

आता ज्यांनी मला फ्लेक्झिबल काम देऊ केलं त्यांच्याविषयी. एका जाहिरातीत घरबसल्या टायपिंग होतं, महिना 25,000, त्याआधी मी 1,999 रुपये नोंदणीचे भरायचे. मी कार्ड शोधायला उठलेच होते, चिरंजीवांनी लॅपटॉप मिटला. बारा वर्षांचं पोरगं, पण नजर टक्केटोणपे खाऊन आलेल्या माणसाची.

दुसरी जागा एका क्लासमध्ये. "दोनच तास मॅडम, हिशेबाचं तेवढं बघायचं. बाकी आपल्या घरचंच समजा." आजवरच्या आयुष्यात मला कळलेली एक गोष्ट सांगते. "घरचंच समजा" असं कोणी म्हणालं की पगाराचा विषय काढायचा नाही, असा त्याचा अर्थ असतो. घरच्या कामाचे पैसे कोण कुणाला देतं? पहिल्याच दिवशी हिशेबासोबत हजेरी, पालकांचे फोन, झेरॉक्स आणि एका सातवीतल्या मुलाची उलटी एवढं माझ्याकडे आलं. दोन तासांचे साडेतीन झाले. घरी आले तर चिरंजीव दारात दप्तरावर बसलेले. तो फ्लेक्झिबल जॉब मी तीन दिवस केला.

तिसरा मात्र मोठा. पुण्याची कंपनी, घरून काम, मुलाखत व्हिडिओवर, सकाळी दहा वाजता. मी वरती सिल्कचा कुर्ता आणि खाली घरची सलवार अशी बसले. मागे भिंत कोरी हवी म्हणून देवघराला पडदा लावला. सासूबाई देवघरात होत्या, हे मुलाखत सुरू झाल्यावर लक्षात आलं.

समोर चोवीस-पंचवीसची गोड मुलगी. "मॅम, तुमच्या प्रोफाइलमध्ये एक गॅप दिसतोय." एक गॅप! त्या गॅपमध्ये तीन लोकसभा निवडणुका आणि दोन महापूर बसलेत. मी सांगायला लागले, तेवढ्यात कुकरनं पहिली शिट्टी दिली. पडद्यामागून घंटेचा किणकिणाट. मग अण्णा टॉवेलवर आले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून म्हणाले, "23 फूट." मुलीनं विचारलं, "सर काय म्हणाले?" मी म्हटलं, पाणी वाढतंय. ती घाबरली. "मॅम, तुम्ही सेफ आहात ना?" आणि त्याच क्षणी गल्लीत घंटागाडी आली. आमची घंटागाडी एकदा गेली की दुसऱ्या दिवशीच. "एकच मिनिट हं," म्हणून मी बादली उचलली आणि धावले. सिल्कच्या खालची सलवार पुण्याला पोचली ती तेव्हा.

परत आले तर ती तशीच हसत बसलेली. खरंच गुणी मुलगी. म्हणाली, "मॅम, टायमिंग नऊ ते सहा. कधी कधी क्लायंटप्रमाणे रात्री दहापर्यंत. शनिवार लागला तर."

मी म्हटलं, "पण जाहिरातीत फ्लेक्झिबल लिहिलंय."

"हो मॅम. म्हणजे कँडिडेट फ्लेक्झिबल पाहिजे."

सासूबाईंनी पडदा सारून माझ्याकडे बघितलं. नाडीबद्दल काही बोलल्या नाहीत, पण नजर तीच होती.

त्या दिवशी साडेअकराला आक्काताई भांड्यांना आल्या तेव्हा मी ओट्याशी तोंड पाडून उभी होते. आक्काताई सहा घरं करतात. भांड्यांचा दर वेगळा, धुण्याचा वेगळा, फरशीचा वेगळा. अमावस्येला येत नाहीत, गावच्या जत्रेला चार दिवस जातात, आणि वेळेवरून एका घरात बोलणं झालं तर दुसऱ्या दिवशी ते घरच सोडलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या गोष्टीसाठी मी दीड महिना पोर्टलांच्या पायऱ्या झिजवत होते ती माझ्या मोरीत बसून तवा घासत होती! हे मी त्यांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी तवा खाली ठेवला.

"आवो वयनी, मोकळीक हाय खरं. पर जत्रंचं चार दिवस गेलं की पैसं कोण कापतंय?"

कापतो आम्हीच. मी एकदम चहा टाकायला वळले.

"काय काम येतंय तुमास्नी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हिशेब लिहायचं. "आन् एवढंच व्हय! मार्केट यार्डातलं शेट, त्यांच्यात मी धुणं करतीया. त्यांचं दिवाणजी म्हातारं झाल्यात, कॉम्प्युटरला हात लावंना झाल्यात. इचारू का?"

अडतीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला आमच्याकडे अजून दिवाणजीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी वसंतदादा मार्केट यार्डात. पिवळ्याधमक धुरळ्यात पोत्यांची थप्पी, हमालांचे खांदे पिवळे, कॅल्क्युलेटरची बटणं पिवळी. पाच मिनिटांत माझी फाइल पिवळी. शेठनी फाइल उघडलीच नाही. बायोडेटावर चहाचा कप ठेवला, नेमका त्या कोऱ्या ओळीवर.

"ओळख कुणाची?"

"आक्काताईंची."

"मग झालं की. वय?"

आला का प्रश्न! मी म्हटलं, "42."

"मग लहानच हाय की ओ. आमचं दिवाणजी 74 चं हाईत."

कोपऱ्यात गादीवर बसलेल्या दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षा घेतली. हळदीला जीएसटी किती? मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं: ओली असेल तर नाही, वाळवलेली असेल तर 5 टक्के. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "माणसाचं उलटं असतंय. ओलं असतंय तवर सगळे मागतात, वाळल्यावर कोण इचारत न्हाई." मग त्यांनी मला शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचं बिल, कशी करायची ते दाखवलं. वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, उचल. हे त्यांनी कागदावर एका दमात केलं, मी टॅलीत तीन वेळा चुकून. बोटं एफ5 वर बरोबर गेली, पण पोत्यांची संख्या रुपयांत पडली आणि एका शेतकऱ्याला 48 रुपये निघाले. तो समोरच उभा होता.

शेठ म्हणाले, "सकाळी सौदं असत्यात, तेव्हा तुमचं काम न्हाई. तुमास्नी जमंल तसं या. फक्त ज्या दिवशीचा माल त्या दिवशी पट्टी निघाली पायजे. पावणा लांबनं आलेला असतोय." फ्लेक्झिबल हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. पगाराचा आकडा मात्र पहिल्या झटक्यात सांगितला. आकडा लहान होता, पण आधी सांगितला.

घरी आल्यावर पेढे वाटले. सासूबाईंनी माझा पिवळा हात बघून विचारलं, "हळदीला गेली होतीस का कुणाच्या?" अण्णांनी 31 फूट सांगितलं. ह्यांनी "मी म्हटलंच होतं" सांगितलं. कधी ते सांगितलं नाही.

आता एकच अडचण होती. आक्काताई येतात साडेअकराला, आणि मला अकराला बाहेर पडायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांना दार उघडायला उठवत नाही. दुसऱ्या दिवशी आक्काताईंच्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच विषय काढला.

"आक्काताई, उद्यापासून जरा दहाच्या सुमारास जमेल का तुम्हाला?"

"दहाला?" त्यांनी पेढा तोंडात टाकला. "दहाला मी डॉक्टरीणबाईंच्यात असतीया. साडेधाला बँकवाल्यांच्यात. न्हाई जमायचं." मग नळ सोडला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमीच जरा फुडं-मागं करा की. तुमचं तर जमंल तसं हाय न्हवं? मीच तर शबुद टाकलाय."

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि शेठना फोन लावला.